उतारवयातील देहधर्म : घरचा उपाय आणि त्याची शीव

गळ्यात तुळशीची माळ पडली म्हणजे काही नेम आपोआप आले. एकादशी आली, पंढरीची वारी आली, नित्याचा हरिपाठ आला, मद्यमांसाचा त्याग आला. पण हे सारे नेम ज्याच्या बळावर पाळावयाचे तो देह मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या हिशेबातच नसतो. 'देह नाशिवंत, त्याचे कौतुक कशाला?' असे म्हणून आपण मोकळे होतो. संतांनी देहाला नाशिवंत म्हटले हे खरेच. पण त्याच संतांनी नरदेहाची थोरवीही गायिली आहे, कारण नाम घ्यावयाचे ते याच मुखाने आणि वारी करावयाची ती याच पायांनी.

ज्ञानेश्वर माउलींनी तेराव्या अध्यायात म्हातारपणाचे वर्णन किती बारकाईने केले आहे, ते वाचकांच्या परिचयाचे आहे. ते वाचून घाबरावयाचे नसते. जरा येण्यापूर्वीच सावध व्हावे, हा त्यातील उपदेश आहे. सहाव्या अध्यायात आहार, निद्रा आणि हालचाल मापात असावी असे जे सांगितले, ते योग्याला तर आहेच, पण तुम्हा-आम्हा संसारी माणसांनाही आहे. या दोन्ही गोष्टी डोळ्यांपुढे ठेवून साठीच्या पुढचे दिवस आरोग्याने कसे घालवावेत, याचा विचार या पाठात करू.

आरंभी एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या दिंडीत एक विणेकरी बुवा होते. वय सत्तरीचे, साखरेचा आजार दहा वर्षांचा, आणि वारी अनवाणी करण्याचा नेम. वाटेत पायाला काटा रुतला. बुवांनी काटा उपसला, हळद दाबली, वर चिंधी गुंडाळली आणि चालू लागले. कोणी विचारले तर म्हणत, "काही नाही जी माउली, हयद भरली हाये. दुखतही नाही." दुखत नव्हते, हीच तर खरी गोम होती! साखरेच्या आजाराने पायाची जाणीव गेली होती. आठव्या दिवशी अंगठा काळा पडलेला दिसला, तेव्हा दवाखाना गाठला. अंगठा काढावा लागला आणि पुढची दोन वर्षे बुवांना पंढरी दिसली नाही. वारी चुकू नये म्हणून जखम लपविली, आणि त्या जखमेनेच वारी चुकविली.

यात दोष हळदीचा नाही. आपल्या आजीने, पणजीने जी औषधे सांगितली त्यांतील बरीचशी गुणाची आहेत. पण जशी प्रत्येक गावाला शीव असते, तशी घरच्या उपायालाही शीव असते. शिवेच्या आत तो आपला, शिवेपलीकडे तो घात करतो. ही शीव ओळखणे हाच या पाठाचा विषय आहे.

१. पाणी

यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. शरीर कोरडे पडले तरी जीभ ते सांगत नाही. म्हणून तहानेची वाट पाहू नये. तांब्या भरून जवळ ठेवावा आणि घोट-घोट पीत जावे. कैरीचे पन्हे, पातळ ताक, लिंबाचे पाणी ही आपली उन्हाळ्याची औषधे उत्तम आहेत. जुलाब-उलटी झाली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे-थोडे पाजावे. माप चुकवू नये. मीठ अधिक झाले तर अपाय होतो. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यावयास सांगितले आहे, त्यांनी मात्र तेच माप पाळावे.

वारीत आमच्या माय-बहिणी दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण वाटेत आडोसा मिळत नाही. मग लघवीला जळजळ होते, चक्कर येते, ताप भरतो. दिंडीच्या चालकांनी मुक्कामाबरोबर हाही विचार आधी करावा. ही लाजेची गोष्ट नाही, व्यवस्थेची आहे.

आता आपल्या जिल्ह्यापुरती एक निराळी गोष्ट. पांढरकवडा, झरी-जामणी या भागांसह जिल्ह्यातील अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार जास्त आहे. तो जमिनीखालच्या खडकातून पाण्यात उतरतो. एका लिटरात एक मिलिग्रॅमपर्यंत तो चालतो, आणि दुसरे पाणीच नसेल तर दीडपर्यंत. त्यापुढे वर्षानुवर्षे पोटात गेला तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, कंबर ताठते, मान वळत नाही, सांधे धरतात. घरातला म्हातारा त्याला 'वात' म्हणतो आणि तेल चोळीत बसतो. पण त्याच घरातल्या नातवाच्या दातांवर डाग दिसत असले तर संशय पाण्याचा घ्यावा. हे पाणी उकळून सुधारत नाही. उकळल्याने पाणी आटते आणि क्षार तेवढाच राहतो. ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचा नमुना तपासणीला धाडावा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी तपासलेले पाणी वापरावे, उरलेले धुण्या-भांड्याला न्यावे. आहारात दूध-ताक, पालेभाजी, आवळा-लिंबू असू द्यावे.

२. आहार

दात गेले की म्हातारी माणसे चहात पोळी बुडवून खातात, आणि 'आता काय, दोन घास पुरेत' म्हणतात. दोन घास पुरत नाहीत. उतारवयात अंगावरचे मांस झडते, आणि मांस झडले की पायांतले बळ जाते. त्यासाठी रोजच्या ताटात तुरीचे किंवा मुगाचे घट्ट वरण, मोड आलेली मटकी, फुटाण्याचे पीठ, दूध, दही यांपैकी काही ना काही दोन्ही वेळा पाहिजे. आपल्या जिल्ह्यात तूर पिकते, सोयाबीन पिकते. पिकविणाऱ्याच्याच ताटात ती नसावी, हे बरे नव्हे. चावत नसेल तर ज्वारीच्या कण्या शिजवून ताकाबरोबर घ्याव्यात, भाकरी वरणात चुरून घ्यावी. जवसाची चटणी ही वऱ्हाडाची देणगीच आहे. तिच्यात चांगले तेल आहे आणि पोट साफ ठेवणारा चोथाही आहे.

माळकऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बी-१२ नावाचे एक जीवनसत्त्व धान्यात नाही, भाजीतही नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते. उतारवयात ते पचनातून नीट शोषलेही जात नाही, आणि साखरेच्या आजारावरील मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षे घेतल्यानेही ते कमी होते. मग पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसर पडतो, थकवा येतो. आपण म्हणतो, 'वय झाले.' वय झाले खरे, पण रक्त तपासून गोळी किंवा इंजेक्शन घेतले तर यातला पुष्कळसा त्रास टळतो. औषध घेण्याने माळेचा नेम मोडत नाही.

मिठाचे माप दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळे मिळून एक लहान चमचाभर. लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या आणि ठेचा यांतून ते नकळत दुप्पट होते. रक्तदाब असलेल्यांनी आधी ताटातले वरचे मीठ काढावे. आणि 'साखर सोडली, गूळ खातो' म्हणणाऱ्यांना एवढेच सांगणे की रक्ताला दोन्ही सारखेच. गूळ आणि मध यांनीही साखर वाढते.

३. एकादशीचा नेम

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्यालाच उद्देशून आहे! साबुदाणा, बटाटा, तळलेले वेफर आणि वर गोड चहा, याने उपवास होत नाही, पोटाला शिक्षा होते. साखरेचा आजार असलेल्यांना तर दोन्हीकडून धोका आहे. साबुदाण्याने साखर भरकन चढते. आणि गोळी किंवा इंजेक्शन घेऊन निराहार राहिले तर ती एकाएकी उतरते. घाम सुटणे, हात कापणे, छाती धडधडणे, बोलणे असंबद्ध होणे, ही साखर उतरल्याची खूण आहे. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून लगेच पाजावी आणि बरे वाटल्यावर काही खावयास द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, दवाखान्यात न्यावे.

मग एकादशी सोडावी काय? सोडू नये. पण आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवशीच्या गोळीचे माप ठरवून घ्यावे, आणि भगर, राजगिरा, दूध, ताक, थोडे शेंगदाणे असा बेताचा फराळ वेळेवर घ्यावा. ज्यांना तेही झेपत नाही त्यांनी अन्न घ्यावे आणि त्या दिवशी नाम अधिक घ्यावे. पांडुरंग ताटात काय होते ते पाहत नाही.

४. चालणे, तोल आणि झोप

शेतात राबलेला माणूस म्हणतो, 'मले काय व्यायामाची गरज?' पण शेत मुलाच्या हाती गेल्यावर हाच माणूस ओट्यावर बसून दिवस काढतो. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या झपाट्याने चालावे. आषाढीला पायी जावयाचे असेल तर निदान दोन महिने आधी थोडे-थोडे वाढवीत जावे. यवतमाळाहून पंढरी जवळ नाही. ओट्यावरून उठून थेट दिंडीत जाणे हे धाडस आहे, भक्ती नव्हे.

चालण्याबरोबर पायांचे बळ आणि तोलही राखावा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठावे आणि बसावे. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळावा. आपल्या भजनातली पावली हा तोलाचा उत्तम अभ्यास आहे. टाळ घेऊन उभ्याने हरिपाठ म्हणणाऱ्यांना तो आपोआप घडतो.

म्हातारपणी पडणे हा साधा अपघात नाही. मांडीचे हाड मोडले की मनुष्य अंथरुणाला खिळतो. तेव्हा संडासच्या वाटेवर रात्री दिवा असावा, न्हाणीत खरबरीत फरशी आणि धरावयास दांडी असावी, उंबऱ्याशी गोणपाट लोळू नये. काठी घेण्यात कमीपणा नाही. विठोबाच्या दारी काठी टेकीत जाणारे पुष्कळ आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नये. त्यावर कोणताही रस किंवा मध घालून मोतीबिंदू जात नाही. डोळा मात्र जाऊ शकतो.

झोप येत नाही म्हणून गोळी मागण्याआधी दुपारची लांब झोप आणि संध्याकाळचा चहा सोडून पाहावा.

५. खर्रा

हा विषय काढला की कीर्तनाच्या मांडवातली काही मंडळी इकडे-तिकडे पाहू लागतात. मद्य सोडले, मांस सोडले, पण गालात खर्रा आहेच! सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ही पुडी आपल्या विदर्भात घरोघर गेली आहे. काही बाया दात घासावयास भाजलेल्या तंबाखूची मिश्री वापरतात. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, आणि नुसत्या सुपारीनेही होतो. तोंड पुरते उघडत नसेल, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर हळद-तूप लावीत बसू नये; त्याच आठवड्यात दाखवावे. लवकर सापडले तर उपाय आहे. ज्या मुखाने विठ्ठल म्हणावयाचे, त्याची एवढी काळजी आपण घेऊ नये काय?

६. पाय

बुवांची गोष्ट वर सांगितलीच. साखर असलेल्यांनी अनवाणी चालू नये, वारीतही नाही आणि घरातही नाही. तापलेल्या डांबरावर बधिर पाय भाजतो आणि कळतही नाही. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवा आरशात पाहावा किंवा नातवाला पाहावयास सांगावे. गरम पाण्यात पाय सोडून बसू नये. पाण्याची ऊब कोपराने पाहावी. जखम झाली तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुऊन स्वच्छ फडके बांधावे. आणि साखर असलेल्याच्या पायाची जखम कितीही लहान असली तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवावी.

७. घरचे उपाय आणि त्यांची शीव

खोकला-पडसे : मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आल्याचा काढा, हळद घातलेले दूध. शीव : खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला, रक्त पडले किंवा वजन घटले, तर थुंकीची तपासणी करावी. क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

पोट साफ न होणे : पाणी, पालेभाजी, चालणे, रात्री त्रिफळा, किंवा भरपूर पाण्याबरोबर इसबगोल. शीव : शौचातून रक्त जाणे, एकाएकी सवय बदलणे, पोट फुगून उलटी होणे.

गुडघेदुखी : शेक, हलके तेल, वजन कमी करणे, मांडीचा व्यायाम, जमिनीऐवजी खुर्चीवर बसणे. शीव : सांधा लाल होऊन सुजला, ताप आला. येथे एक इशारा देतो. मेडिकलच्या दुकानातून मनानेच दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंड बिघडते आणि पोटात रक्तस्राव होतो. बाजारात बसलेल्या वैदूच्या नाव नसलेल्या पुडीने लगेच उतार पडला तर आनंदू नये, उलट संशय घ्यावा. तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

साखर : मेथी, कारले, जांभळाच्या बियांची पूड घेण्यास हरकत नाही, पण डॉक्टरांना सांगून. शीव : यांच्या भरवशावर गोळी बंद करणे. रक्तदाबाच्या गोळीचेही तेच. 'आता बरे वाटते' म्हणून गोळी सोडू नये. गोळीनेच बरे वाटते आहे. वारीला निघताना पुरेल इतकी औषधे आणि डॉक्टरांचा कागद वळकटीत नव्हे, अंगावरच्या पिशवीत ठेवावा.

लघवी : रात्री वारंवार उठावे लागत असेल तर झोपण्याआधी दोन तास पाणी कमी घ्यावे, दिवसभर नव्हे. शीव : लघवी अडली किंवा लाल झाली, तर त्याच दिवशी दवाखाना.

८. जेथे घरचा उपाय नाहीच

छातीत दाबल्यासारखे दुखून घाम सुटला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, तर त्याला 'गॅस' म्हणून ओवा-सोडा देत वेळ घालवू नये. साखरवाल्यांत आणि बायांत तर कधी दुखतही नाही. नुसता दम लागतो.

तोंड वाकडे झाले, एक हात पडला, बोलणे अडखळले, तर तो लकवा. 'वारं गेलं' म्हणून मालीश करू नये, झाडफुंकीला नेऊ नये. मेंदूतली गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी डोक्याचे छायाचित्र घ्यावे लागते. येथे एक-एक मिनिट मोलाचे आहे.

साप चावला तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये; अंग न हालविता थेट दवाखान्यात न्यावे. फवारणीचे विष अंगावर पडले तर कपडे उतरवून साबणाने आंघोळ घालावी आणि डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते दुःख आपण विसरलेलो नाही. विषाचा रिकामा डबा धुऊन पाण्याला वापरू नये.

अशा वेळी १०८ क्रमांकाला फोन करावा. गाडी मोफत येते. ज्यांचे वय सत्तर वा अधिक आहे, त्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेत घेतले जाते आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत दवाखान्यातील उपचार मिळतात. आधार कार्ड घेऊन हे कार्ड वेळीच काढून ठेवावे. गरज पडल्यावर धावाधाव करू नये.

गाडगेबाबा (१८७६-१९५६) आपल्याच वऱ्हाडातले. त्यांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली, पंढरीत वारकऱ्यांसाठी धर्मशाळा उभारली, आणि भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी यांच्याच पंक्तीत रोग्याला औषध देणे हाही देवाचाच धर्म सांगितला. मग औषध देणे जर धर्म आहे, तर वेळेवर ते घेणे हा अधर्म कसा?

त्या विणेकरी बुवांचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. तिसऱ्या वर्षी ते पुन्हा आले. पायात जाड तळाचे बूट, खांद्याला औषधांची पिशवी, आणि काही पल्ला दिंडीच्या गाडीतून. पहिल्या मुक्कामी त्यांनी विणा खाली ठेवला आणि दिंडीतील साऱ्या म्हाताऱ्यांना ओळीने बसवून एकेकाचे तळवे कंदिलाशी धरून पाहिले. कोणी लाजून पाय मागे ओढला तर म्हणाले, "लाजू नका जी. मी लाजलो, अन्‌ माझ्या दोन वाऱ्या गेल्या." तेव्हापासून आमच्या दिंडीत हरिपाठ झाला की पाय पाहण्याचा नेम आहे. प्रत्येक दिंडीने तो धरावा, अशी आमची सर्वांना नम्र विनंती आहे.

रामकृष्णहरी.